मंगळवारी दुपारी काय करणार?

सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यात नव्या विद्यार्थ्यांशी बोलताना मी एक प्रश्न हमखास विचारते : या सेमिस्टरला काय करायचं ठरवलंयस? उत्तरं भराभर येतात. "नऊच्या वर सीजीपीए आणायचाय." "मागचे दोन विषय राहिलेत, ते काढायचेत." "या वेळी पहिल्या दिवसापासून अभ्यास करायचा, शेवटी धावपळ नको." मुलं हे अगदी मनापासून सांगत असतात आणि ते ऐकताना मलाही हुरूप येतो. मग मी विचारते, "बरं, येत्या मंगळवारी दुपारी तास संपले की त्यासाठी काय करणार?" इथे बोलणं अडतं. "वाचेन, मॅडम." काय वाचणार? कुठे बसून? वाचून झालं हे कशावरून कळणार? एवढा विचार झालेलाच नसतो.

गेली बरीच वर्षं वर्गात शिकवताना आणि मुलांचे प्रबंध मार्गी लावताना माझी खात्री होत गेलीय, की ठरवलेला अभ्यास तडीस जातो की नाही हे पुष्कळसं या दुसऱ्या प्रश्नावर ठरतं. पहिल्या प्रश्नाची उत्तरं सगळ्यांची सारखीच असतात. जो मागे पडतो त्याचीही आणि जो पुढे जातो त्याचीही.

यात मुलांचा दोष आहे असं मला वाटत नाही. शाळेत असताना अभ्यासाचे दिवस दुसऱ्या कुणीतरी आखून दिलेले असतात. आज हा धडा, उद्या त्यावर प्रश्नोत्तरं, शुक्रवारी चाचणी. गृहपाठ केला नाही तर दुसऱ्याच दिवशी कुणीतरी विचारतं. विद्यापीठात हे सगळं एकाएकी थांबतं. आठवड्याला मोजके तास असतात, एखादं सबमिशन दीड महिन्यावर असतं, परीक्षा त्याहून लांब, आणि मधला सगळा वेळ रिकामा दिसतो. तो रिकामा नसतो हे कुणी सांगत नाही. युरोपातल्या विद्यापीठांत क्रेडिटची जी समान पद्धत चालते, तिच्यात हा हिशेब उघड मांडलेला आहे. तिथे एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचं २५ ते ३० तासांचं काम. वर्गातले तास, वाचन, सबमिशन, परीक्षेची तयारी हे सगळं त्यातच आलं. म्हणजे पाच क्रेडिटच्या एका विषयाला कमीत कमी १२५ तास. पंधरा आठवड्यांत वाटले तर आठवड्याला आठ तासांच्या थोडं वर. त्यातले तीन-चार वर्गात जातात. उरलेले चार-पाच तास विद्यार्थ्याने स्वतः काढायचे असतात, आणि सेमिस्टरला असे सहा विषय असले तर पाहता पाहता आठवड्याचे पंचवीस-तीस तास होतात. सगळीकडचे नियम सारखे नाहीत, पण प्रत्येकाने आपल्या विषयांसाठी हा गुणाकार एकदा पहिल्याच आठवड्यात करून बघावा. 'वेळ आहे अजून' ही भावना त्यानंतर फार टिकत नाही.

मग प्रश्न येतो, की एवढे तास भरायचे कशाने? इथे मला एका अभ्यासाचा फार उपयोग झालाय. क्लार्क, गिल, प्राउझ आणि रश या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात जवळपास ४,००० विद्यार्थ्यांवर प्रयोग केले. त्यांचा शोधनिबंध २०२० मध्ये आला. काही विद्यार्थ्यांना त्यांनी सांगितलं, की या विषयात कोणती श्रेणी मिळवायची ते ठरवा. दुसऱ्या काहींना सांगितलं, की सराव परीक्षा किती सोडवायच्या ते ठरवा. श्रेणीचं उद्दिष्ट ठरवणाऱ्यांच्या गुणांत म्हणावा असा फरक पडला नाही. सराव परीक्षांचा आकडा ठरवणाऱ्यांनी जास्त परीक्षा सोडवल्या आणि त्यांचे विषयातले गुणही वाढले. गुणांचं नावही न काढता ठरवलेलं उद्दिष्ट गुणांच्या कामी आलं.

मला हे पटतं, कारण रोज डोळ्यांसमोर दिसतं. श्रेणीवर आपला पूर्ण ताबा नसतो. पेपर कसा निघतो, त्या दिवशी तब्येत कशी असते, तपासणारा कोण, कितीतरी गोष्टी मध्ये येतात. शिवाय 'नऊच्या वर' हे वाक्य सोमवारीही तेवढंच खरं असतं आणि गुरुवारीही. ते आज काही मागत नाही. त्यामुळे आज काही केलं नाही तरी ते मोडल्यासारखं वाटत नाही, आणि नेमकं तिथेच दिवस हातातून जातात. 'आज दुसऱ्या प्रकरणाची सहा गणितं सोडवायची' हे मात्र रात्रीपर्यंत एक तर झालेलं असतं किंवा राहिलेलं असतं.

मार्कांना कमी लेखायचं मला मुळीच सुचवायचं नाही. कुणाची शिष्यवृत्ती ठरावीक टक्क्यांवर टिकून असते, कुणाला पुढच्या प्रवेशासाठी अट पूर्ण करायची असते, कुणाच्या घरी त्या आकड्यावर मोठ्या आशा असतात. ती गरज खरी आहे आणि तिला नावं ठेवणाऱ्यांचा मला राग येतो. पण तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर एकदा लिहावा आणि पान उलटावं. रोजच्या पानावर रोजचं काम असावं.

एक वही माझ्या चांगली लक्षात राहिलीय. माझ्या वर्गातल्या एका मुलीला लिनियर अल्जेब्रा जड जात होतं. 'हा विषय पक्का करायचा' एवढंच तिने ठरवलं होतं आणि रोज ती पुस्तक उघडून प्रमेयं वाचत होती. वाचताना सगळं कळत होतं. आम्ही दोघींनी बसून ते उद्दिष्ट नव्याने लिहिलं : मंगळवारी आणि गुरुवारी शेवटचा तास संपला की थेट वाचनालयात जायचं, मागच्या आठवड्यातलं एक प्रमेय पुस्तक मिटून कोऱ्या पानावर लिहायचं, अडलं की तिथे रेघ मारायची आणि काय सुचलं नाही ते रेघेखाली एका वाक्यात लिहायचं. मगच पुस्तक उघडायचं.

पहिल्याच खेपेला तिने रँक-नलिटी प्रमेय घेतलं : रेषीय रूपांतराच्या कर्नलची (ज्यांची प्रतिमा शून्य येते अशा सदिशांची) आणि सगळ्या प्रतिमांच्या अवकाशाची मिती मिळून मूळ अवकाशाची मिती होते. सुरुवात बरोबर केली. कर्नलचा बेसिस (ज्या स्वतंत्र सदिशांपासून बाकीचे सगळे बनवता येतात, तो संच) घेतला, तो वाढवून पूर्ण अवकाशाचा बेसिस केला. आता नव्याने आलेल्या सदिशांच्या प्रतिमा एकमेकींवर अवलंबून नाहीत हे दाखवायचं होतं, आणि तिथे पेन्सिल थांबली. रेघेखाली तिने लिहिलं होतं : 'प्रतिमांची बेरीज शून्य मानली. मग पुढे काय?' हे वाक्य मला फार मोलाचं वाटतं. कारण पुढची पायरी एवढीच होती, की बेरजेची प्रतिमा शून्य म्हणजे ती बेरीज कर्नलमध्ये आहे, म्हणून ती कर्नलच्या बेसिसमध्येही लिहिता येते, आणि मग सगळे गुणक शून्य ठरतात. पुस्तकात ती ओळ तिने कितीतरी वेळा वाचली होती. वाचताना ती ओळ आपली आपण पुढे सरकते. कोऱ्या पानावर ती सुचावी लागते. पुढच्या गुरुवारी तेच प्रमेय तिने पुन्हा लिहिलं, या वेळी रेघ न मारता. सेमिस्टर अर्ध्यावर आलं तोवर वहीतल्या रेघा कमी झाल्या नव्हत्या, कारण प्रमेयंही अवघड होत गेली होती, पण रेघांखालची वाक्यं नेमकी झाली होती. 'कळत नाही' असं आता कुठे लिहिलेलं नसे. एकदा तर ती स्वतःचाच प्रश्न घेऊन आली : अवकाशाची मिती अनंत असेल तर या प्रमेयाचं काय होतं? हा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता.

पुस्तक मिटून आठवण्यात एवढं काय आहे, याचं उत्तर रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधल्या प्रयोगात सापडतं. विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार वेळा अभ्यासला. दुसऱ्या गटाने तो एकदाच अभ्यासला आणि तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा चित्र उलटलं. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. आणि आपल्याला चांगलं आठवेल ही खात्री वाचणाऱ्यांनाच जास्त होती. म्हणून 'रोज तीन तास वाचन' असं उद्दिष्ट कुणी सांगितलं की मला काळजी वाटते. तीन तास भरतात, टिकमार्क होते, समाधानही मिळतं, आणि खाली काय साठलं ते परीक्षेपर्यंत कळत नाही. उद्दिष्टात तासांबरोबर एखादी अशी गोष्ट हवी जी पुस्तक मिटल्यावर दाखवता येईल : सोडवलेलं गणित, न बघता काढलेली आकृती, वाचलेल्या शोधनिबंधाचा स्वतःच्या शब्दांतला एक परिच्छेद.

त्या मुलीच्या वहीत दिवस, वेळ आणि जागा लिहिलेली होती, त्यालाही अर्थ आहे. पीटर गोलवित्झर आणि ब्रँडस्टेटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना सुटीत एक छोटा अहवाल लिहून पाठवायचा होता, मुदत ४८ तासांची. ज्यांनी तो नेमका केव्हा आणि कुठे बसून लिहिणार हे आधी ठरवून ठेवलं, त्यांच्यातल्या सुमारे सत्तर टक्के जणांनी वेळेत पाठवला. ज्यांनी तसं ठरवलं नव्हतं, त्यांच्यातल्या जेमतेम एक तृतीयांश जणांनी. पाठवायचा तर सगळ्यांनाच होता. दिवसभर तासांना बसून, प्रॅक्टिकल उरकून माणूस थकलेला असतो. त्या वेळी 'आता काय करू' हा प्रश्न समोर असला की हात आपोआप फोनकडे जातो. निर्णय आदल्या दिवशीच झालेला असेल तर पाय वाचनालयाकडे वळायला फार बळ लागत नाही.

प्रबंधाचं प्रकरण मात्र याहून अवघड असतं. तिथे कामाचा अंदाजच चुकतो, आणि हुशार मुलांचाही चुकतो. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये प्रबंध लिहिणाऱ्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवस लागतील? सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. मग विचारलं, सगळंच बिघडत गेलं तर? सुमारे ४९ दिवस. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवसांहून जास्त लागले. म्हणजे वाईटात वाईट धरलेला अंदाजही अपुरा पडला. हे वाचलं तेव्हा मला माझ्या विद्यार्थ्यांचे चेहरे आठवले. अंदाज बांधताना आपण पुढ्यातलं काम एकेक पायरीने मनात घडवून पाहतो आणि त्या मनातल्या कामात कुणी आजारी पडत नाही, परवानगीचा अर्ज परत येत नाही, संगणक बंद पडत नाही. मागच्या सबमिशनला खरोखर किती दिवस लागले होते, हे मात्र विचारायचं राहून जातं.

म्हणून माझ्या हाताखाली प्रबंध करणाऱ्यांना मी पहिल्या दिवसापासून दोन रकाने ठेवायला सांगते, अंदाज आणि प्रत्यक्ष. संदर्भ साहित्याचा आढावा, प्रश्नावली, नोंदी, तक्ते, प्रत्येकापुढे दोन आकडे. सगळ्यांत बोलका रकाना संदर्भसूचीचा असतो. 'एका संध्याकाळी होईल' असं लिहिलेलं ते काम आठवडाभर चालतं, कारण कुठे वर्ष नसतं, कुठे पानक्रमांक नसतो, कुठे पुस्तकच परत केलेलं असतं. दोन-तीन महिने असे रकाने भरले की विद्यार्थ्याला स्वतःचा गुणक सापडतो. कुणाला दीडपट वेळ लागतो, कुणाला दुप्पट. तो कळल्यावर आखलेलं वेळापत्रक दिसायला कमी धाडसी असतं, पण ते पाळता येतं. मुदत जवळ आल्यावर रडवेल्या चेहऱ्याने आलेल्या कितीतरी मुलांना मी पाहिलंय. त्यांच्यात आळशी फार थोडी होती. बहुतेकांनी पहिल्या महिन्यात मनापासून काम केलेलं होतं, फक्त चुकीच्या आकड्यावर विसंबून.

आता खाड्याविषयी, कारण उद्दिष्टं सगळ्यांत जास्त मोडतात ती इथे. चार आठवडे नीट जातात. पाचव्या आठवड्यात ताप येतो, किंवा घरचं काही निघतं, किंवा दोन इंटर्नल एकाच दिवशी येतात. तीन-चार दिवस वही उघडली जात नाही. त्यानंतरचा दिवस मोठा नाजूक असतो. मुलं म्हणतात, "मॅडम, सगळं बिनसलं, आता नव्याने वेळापत्रक करते." मग एक अख्खा दिवस वेळापत्रक रंगवण्यात जातो आणि त्यात राहिलेलं सगळं काम पुढच्या तीन दिवसांत कोंबलेलं असतं. तेही पाळलं जात नाही. दोनदा असं झालं की मूल स्वतःविषयीच निकाल देऊन बसतं : माझ्याच्याने सातत्य होत नाही.

या वाक्याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण ते खरं नसतं. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ९६ जणांवर सवयींचा अभ्यास केला, तो २०१० मध्ये छापून आला. रोजच्या साध्या गोष्टी अंगवळणी पडायला किती दिवस लागतात, हे त्यांना पाहायचं होतं. मधला आकडा निघाला ६६ दिवस, पण माणसामाणसांतला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. आणि अधेमधे एखादा दिवस चुकला तर सवय जडण्यावर त्याचा फारसा परिणाम दिसला नाही. एकवीस दिवसांत सवय लागते असं ऐकून बाविसाव्या दिवशी निराश होणाऱ्या मुलांना हे दोन्ही आकडे मी मुद्दाम सांगते. तुझी सवय मंद गतीने जडणाऱ्यांतली असेल, म्हणून ती जडणारच नाही असं नाही.

खाड्यानंतर परत येण्याचं काम आधीच ठरवून ठेवावं, तब्येत ठणठणीत असताना. ते मुद्दाम लहान असावं. राहिलेलं सगळं भरून काढणं हे परतीचं काम होऊ शकत नाही. एक गणित, एक पान, वहीत आजची तारीख. राहिलेल्यातलं काय कायमचं सोडायचं आणि काय घ्यायचं हे दुसऱ्या दिवशी बघता येतं. सोमवारची वाट बघण्याचा मोहही समजून घ्यावा. नव्या आठवड्याला, नव्या महिन्याला, नव्या सेमिस्टरला माणसं उत्साहाने कामाला लागतात हे संशोधनातही दिसलंय आणि त्या उत्साहाचा फायदा जरूर घ्यावा. पण खाडा मंगळवारी संपला असेल तर सोमवारपर्यंतचे पाच-सहा दिवस फुकट घालवायचं काही कारण नाही.

एकट्याने हे सगळं निभावतंच असं नाही. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं कुणासमोर तरी वही उघडावी. मैत्रीण चालेल, सीनियर चालेल, शिक्षकाने वेळ दिला तर उत्तमच. समोरच्याने सल्ला द्यायची गरज नसते, 'काय ठरलं होतं, काय झालं' एवढं विचारलं तरी पुरतं. अभ्यास किती झाला याच्या रोज बढाया चालतात असे ग्रुप मात्र मला घातक वाटतात. तिथे दुसऱ्याचे तास दिसतात, त्याच्या अडलेल्या जागा दिसत नाहीत.

आणि कधी कधी उद्दिष्ट सोडून द्यावं लागतं. हे बोलायला मुलं कचरतात. संध्याकाळी नोकरी करून शिकणारी एक मुलगी मागे माझ्याकडे आली होती. पाच विषय घेतले होते, सेमिस्टरचा एक तृतीयांश भाग संपला होता आणि पाचही विषयांत ती थोडी थोडी मागे होती. एक ऐच्छिक विषय मागे घेण्याची मुदत दोन दिवसांवर होती. "हा पळपुटेपणा होईल का, मॅडम?" तिने विचारलं. आम्ही तासांचा हिशेब कागदावर मांडला. नोकरीचे, प्रवासाचे, झोपेचे, वर्गाचे तास वजा केल्यावर पाच विषयांना लागणारे तास त्या आठवड्यात नव्हतेच. तिच्या निश्चयाने ते तयार होणार नव्हते. तिने विषय मागे घेतला. आठवड्याचे सहा तास मोकळे झाले. चार तिने सांख्यिकीच्या गणितांना दिले, दोन झोपेला. सांख्यिकीत ती नुसती पास झाली नाही, पुढच्या प्रकल्पात तिने तेच तंत्र वापरलं. राहिलेल्या विषयाला तिने पुढच्या वर्षी नाव नोंदवलं, त्याआधी नोकरीच्या ठिकाणी आठवड्यातल्या दोन संध्याकाळी कमी करून घेऊन.